बांगड्यांच्या पेटीतले सेल

माझ्या तोंडून चांगला शब्द निघायला मुहूर्त लागतो, असं आमच्या घरात म्हणतात. खोटं नाही. बारामतीत माझं हत्यारांचं दुकान आहे, आणि दिवसभर ड्रिल, ग्राइंडर, करवती विकणाऱ्या माणसाच्या अंगात फारसा गोडवा उरत नाही. त्यात गेल्या सात-आठ वर्षांत बॅटरीवरची यंत्रं आली आणि माझी जीभ आणखी तिखट झाली. रोज एक तरी गडी येतो, काउंटरवर मेलेली बॅटरी आपटतो आणि म्हणतो, "रणजितशेठ, मशीन ठणठणीत हाय, फकस्त हिचं काय तरी करा." मी म्हणतो, नवी घ्या. तो किंमत विचारतो. मी सांगितली, की मीच जाऊन तिचा गळा दाबल्यासारखा माझ्याकडं बघतो.

त्याचंही चुकत नाही. दोन बॅटऱ्यांच्या पैशात चार्जर आणि पेटीसकट अख्खं नवं मशीन येतं. वर चार-पाच वर्षांनी कंपनी त्या आकाराची बॅटरी काढायचीच बंद करते, मग पैसे मोजायची तयारी असली तरी मिळत नाही. मोटर गुळगुळीत फिरतेय, पात्याला धार आहे, आणि मशीन माळ्यावर धूळ खातंय. जगाची रीतच अशी आहे, असं मी धरून चाललो होतो. मग मला बिस्मिल्ला मणेर ही बाई भेटली. आज तिच्याविषयी लिहायला बसलोय, कारण उभ्या जन्मात मला इतकं थक्क दुसऱ्या कुणी केलं नाही.

तिचा पत्ता मला वडगाव निंबाळकरच्या एका सुतारानं दिला. युवराज त्याचं नाव. त्याचा ड्रिल मीच विकलेला. माझ्या अंदाजानं त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मरायला हवी होती, आणि हा गडी तिच्यावर दिवसभर खिडक्या बसवत होता. मी बॅटरी उलटी करून पाहिली. बुडाला कागदाची पट्टी, पट्टीवर निळ्या शाईत एक तारीख.

"कुणी भरून दिली?" मी विचारलं.

"इंदापूरच्या बाजारात एक मणेरीण बसती," युवराज म्हणाला. "डाव्या अंगाला बांगड्या, उजव्या अंगाला बॅटऱ्या. तुमच्यापेक्षा लई गोड बोलती, शेठ."

मी इंदापूरला गेलो तो तिची लबाडी पकडायलाच. तसाही मी दर बाजारच्या दिवशी तिकडच्या दुकानांना माल टाकायला जातो. बाजारतळाच्या कडेला लिंबाखाली ती बसली होती. साठीच्या आतबाहेरची, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पुढ्यात एक बाई हात देऊन बसलेली, आणि ही तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या चढवत होती. तिच्या बोटांत काय होतं कोण जाणे. त्या बाईचा पंजा जाडजूड, बांगडी अरुंद, आणि तरी बांगडी पाण्यातून सरकावी तशी मनगटावर जाऊन बसली. शेजारच्या पोत्यावर उघडलेल्या बॅटऱ्यांची टरफलं पडली होती.

मी माझी एक बिघडलेली बॅटरी तिच्यापुढं टाकली. म्हटलं, "भाभी, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. यातला मेलेला सेल कुठला, सांगा बघू."

ती रागावली नाही. तिनं स्क्रू काढले. आत बोटाएवढे दहा सेल. तिनं बॅटरीला एक मोठा बल्ब जोडला, तो थोडा वेळ जळू दिला, आणि मग एकेक सेल मनगटाच्या आतल्या बाजूला लावत गेली, आई बाळाचं दूध गरम आहे का बघते तसं. सातव्याला थांबली. "ह्यो."

माझ्याकडं भारी मीटर होता. मी मोजलं. तोच.

मी हार मानणारा नव्हे. पुढच्या बाजाराला तीन बॅटऱ्या नेल्या. तिन्हींत तिचं बोट आणि माझा मीटर एकाच जागी. मग मात्र मी मीटर खिशात टाकला, आणि मला हार मानताना इंदापूरच्या बाजारानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मनगटाची आतली कातडी खोटं बोलत न्हाय," ती म्हणाली. "दिसाला शंभर मनगटं धरती मी. येवढं बी कळू नये व्हय?"

हे ती कुठं शिकली? कुठंच नाही. तिचा मुलगा शहबाज फर्निचरचं काम करायचा. एका वर्षात त्याच्या दोन्ही बॅटऱ्या गेल्या, आणि नव्या घ्यायच्या तर नवं मशीन घेतल्यासारखंच. पोरगा तोंड पाडून बसला. बिस्मिल्लाभाभीनं रागाच्या भरात एक बॅटरी फोडली. आत पाहते तर दहातला एकच सेल मेलेला, नऊ जिवंत. "घरातला एक गेला म्हणून तुमी आख्खं घर पुरता का, रणजितराव?" हे तिनं मला विचारलं तेव्हा मी नजर चुकवली, कारण मी वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो. पुढं शहबाज कामासाठी पुण्याला गेला. त्यानं आणलेलं, सेलला पत्री म्हणजे धातूची पातळ पट्टी विजेच्या झटक्यानं टाचायचं मशीन मात्र भाभीकडं राहिलं. सेलला सोल्डरिंगची तापलेली कावीय लावायची नाही, उष्णतेनं तो आतून दुखावतो, पातळ पत्री टाक्यानं जोडायची, हे ती चुका करत करत एकटीच शिकली. सुरुवातीला एकदा पदर जळाला, एकदा पाटावर भोक पडलं. पाट तिनं मला दाखवला, मोठ्या अभिमानानं.

पण तिची खरी विद्या जोडण्यात नव्हती. ती निवडण्यात होती.

बांगड्यांची लाकडी पेटी असते, आत मापामापाचे खण. सव्वादोनचा खण, दोन-सहाचा, अडीचचा. तशीच एक जुनी पेटी तिनं सेलसाठी ठेवली होती. बाजारातून आणलेले नाहीतर भंगारातल्या इलेक्ट्रिक स्कूटरमधून निघालेले सेल ती सगळे पूर्ण भरायची, प्रत्येकाचा व्होल्टचा आकडा पट्टीवर लिहायची, आणि त्यांना त्या खणांत निजवायची. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. आठव्या दिवशी पुन्हा मोजायचं. जो होता तिथंच राहिला तो सोयरिकीचा. जो न वापरता आपोआप उतरला तो कितीही तगडा दिसू दे, तो घरबुडव्या. सारखे आकडे दाखवणारेच सेल ती एका बॅटरीत घालायची.

"चुड्यात एक बांगडी दोराभर मोठी असली तर आधी तीच पिचती, आन पिचताना शेजारचीला घिऊन जाती," ती म्हणायची. इतकी सोपी गोष्ट मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी रंगीत पडद्यावर तासभर समजावली होती आणि मला कळली नव्हती.

गिऱ्हाइकं कटकट करायची. "मावशी, आठ दिस? आज द्या की." ती हलायची नाही. आमच्याकडं मणेरांचा एक दंडक आहे, घालताना बांगडी वाढवली, म्हणजे फुटली, तर नुकसान मणेराचं, घरी जाऊन वाढवली तर बाईचं. भाभी म्हणायची, "बांगडी माझ्या हातात वाढवली तर मी बघते तरी. बॅटरी लोकाच्या घरात वाढवली तर?" आठ दिवस म्हणजे आठ दिवस. आमदाराची शिफारस आली तरी आठ दिवस. हे मी स्वतः पाहिलंय.

हा नियम तिनं एकदाच मोडला. गेल्या ऑक्टोबरात.

इंदापूरकडं द्राक्षांची छाटणी त्या दिवसांत चालते. हल्ली छाटणीला बॅटरीची कात्री निघाली आहे. कात्री हातात, बॅटरी कमरेच्या पट्ट्यात, मध्ये वायर. घोडा दाबला की काडी कटकन तुटते. संजीवनी नावाची एक बाई बिस्मिल्लाभाभीकडं आली. छाटणीच्या टोळीत काम करणारी. बारा-तेरा वर्षं हातकात्री दाबून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेली, मूठ मिटेना. तिनं जुनी बॅटरीची कात्री कुणाकडून तरी घेतली होती, तिची बॅटरी मेली होती आणि त्या मॉडेलची बॅटरी आता कुठंच मिळत नव्हती. माझ्याकडंही ती येऊन गेली असणार. मी 'बंद झालं ते' म्हटलं असणार. मला आठवतही नाही.

टोळीच्या मुकादमानं तिला सांगितलं होतं, कात्री चालू असली तर ये, नसली तर घरी बस. छाटणीची तारीख थांबत नाही. सगळ्या बागेची छाटणी एका दमात उरकून लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावायची असते, नाहीतर फूट मागंपुढं होते. बाईचा हंगामच गेला असता. भाभीनं तिची मूठ हातात धरली, दाबून पाहिली, आणि तिसऱ्याच दिवशी पाच सेल जोडून बॅटरी देऊन टाकली.

"जा. हात सांभाळ," एवढंच ती म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं. मला कळलं ते दिवाळीच्या आधीच्या बाजाराला.

दिवाळीचा बाजार म्हणजे मणेरांची सुगी. मी पोचलो तेव्हा लिंबाखाली बायकांची ही गर्दी, सगळ्यांचे हात पुढं. आणि भाभी बांगड्या भरायची सोडून सेलची पेटी मांडीवर घेऊन बसलेली. मीटरच्या दोन काड्या हातात. तोंडाचं पाणी पळालेलं.

"काय झालं, भाभी?"

"संजीवनीला ज्या घाण्यातले पाच दिले, त्यातलेच सात हितं ऱ्हायलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यातले दोन उतरले. बघा."

पट्टीवर आकडा होता चार पॉइंट अठरा. मी मोजलं. तीन पॉइंट ब्याण्णव. नुसतं पडून. याचा अर्थ मलाही कळत होता. असा सेल आतून गळका असतो. भरायला लावला की तापतो, शेजारच्यांचा तोल बिघडवतो, आणि एखाद्या दिवशी पेटतो. लिथियमची आग पाण्यानं सहजासहजी विझत नाही.

"त्या पाचांत बी असला तर?" ती म्हणाली.

"नसेलही, भाभी. बाजार उरकून संध्याकाळी बघू."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पुढं आलेले ते सगळे हात तिनं तसेच ठेवले, बांगड्यांवर चादर ओढली, गाठ मारली. बायका चिडल्या. एकजण म्हणाली, "अगं मावशी, वर्षाचा सण हाय, आन आमी मोकळ्या हातानं जायाचं व्हय?" भाभीनं हात जोडले, पेचकस-पक्कडीची पिशवी उचलली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. वर्षाची कमाई एका गाठीत बांधून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि माझ्या धंद्यात तर नाहीच नाही.

"तिचा फोन नंबर?"

"न्हाय."

"गाव?"

"इचारलं न्हाय. बाईचं गाव मी कवाच इचारत न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "डावा हात सव्वादोनचा, उजवा दोन-सहाचा. उजव्या अंगठ्यापाशी गाठ."

आता या पत्त्यावर माणूस शोधायचं! मी गाडी काढली. पहिल्या बागेत टोळी लागली, दहा-बारा बाया. भाभी ओळीत शिरली आणि एकेकीचा हात हातात घेत चालली. बाया आधी हसल्या, मग तिचं तोंड बघून आपणच हात पुढं करू लागल्या. तिथं तिला एक गोष्ट कळली आणि मलाही. सगळ्यांचाच उजवा हात मोठा होता. कात्री दाबून दाबून सगळ्यांचीच मापं दोन हातांत दोन झाली होती. मी त्याच हातांसाठी लागणारी यंत्रं विकत होतो, आणि ते हात मी कधी पाहिलेच नव्हते. मला लाज वाटली. त्यातल्या एकीनं सांगितलं, बॅटरीच्या कात्रीवाली लोणी भापकरची संजीवनी, तिची टोळी काल नरसिंहपूरच्या बाजूला गेली.

वाटेत भाभी काचेबाहेरच्या बागा न्याहाळत होती. ओठ तेवढे हलत होते. मी गाडी कधी हाणत नाही, त्या दिवशी हाणली.

नरसिंहपूरच्या अलीकडं बाग सापडली. उन्हं कलायला लागली होती. तिसऱ्या ओळीत कात्री कट कट वाजत होती. संजीवनीनं भाभीला पाहिलं आणि तोंडभर हसली.

"अगं बया, मावशी! तुमी हितं? बाजार सोडून?" मग कमरेच्या पट्ट्यावर थाप मारून म्हणाली, "लई गुणाची बॅटरी दिलीत बघा. काम संपलं तरी दोन-दोन तास गरम ऱ्हाती. आमच्या स्वरूपाला सर्दी झालीया, डाक्टरनं छाती शेकाय सांगितली. हितं मीठ तापवाय चूल कुठं? बॅटरी चार्ज झाली की फडक्यात गुंडाळून पोरीच्या छातीशी ठिवते. गाढ झोपती."

मी भाभीकडं बघायचं टाळलं.

भाभीनं हात पुढं केला. "दे."

"दोन वळी ऱ्हायल्यात, मावशी. आज छाटणी उरकाय पायजे, उद्या पेस्ट..."

"दे म्हणते न्हवं!"

ती बाई ओरडू शकते हे मला ठाऊक नव्हतं. बागेतली सगळी माणसं थांबली. संजीवनीनं घाबरून पट्टा सोडला. भाभी तिथंच बांधावर बसली, स्क्रू काढले, आणि एकेक सेल मनगटाच्या आतल्या बाजूला लावत गेली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्याला तिनं हात झटकला. मला म्हणाली, "बघा." मी बोट लावलं. नुकत्याच ओतलेल्या चहाच्या पेल्याला लागावं तसा चटका.

तिनं पक्कडीनं पत्री कापली, सेल पदराच्या घडीत धरला, बागेबाहेर लांब गेली, कोरड्या वाळूत खड्डा केला आणि त्यात ठेवून आली. मग संजीवनीसमोर उभी राहिली.

"ह्यो सेल आज न्हाय तर उद्या पेटला असता," ती म्हणाली. "आठ दिस ठिवायचा व्हता, मी तिसऱ्या दिशी दिला. तू घाई केलीस ही तुझी गरज व्हती. देणारी मी. चूक माझी."

मी पंचवीस वर्षं काउंटरमागं उभा आहे. तुम्ही पाडली असेल, चार्जर दुसरा लावला असेल, उन्हात ठेवली असेल, हे सगळं मी म्हणून चुकलोय. चूक माझी, हे न विचारता, चार माणसांसमोर, मान वर करून सांगणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. मला त्या किडकिडीत बाईकडं मान वर करून बघावं लागतंय असं वाटलं.

संजीवनीला अर्थ कळायला दोन क्षण लागले. मग ती पळाली. ओळीच्या टोकाला आंब्याखाली झोळी बांधली होती.

मला काही सुचेना. मग एक सुचलं. गाडीत ड्रिलची एक नवी बॅटरी होती, सीलबंद. आकार वेगळा, पण आत सेल पाचच, ताकद तेवढीच. मी सील फोडलं. आयुष्यात न मागता फोडलेलं ते माझं पहिलं सील. भाभीनं बॅटरी उलटसुलट पाहिली, कात्रीची वायर तिला जोडली, एक काडी कापून पाहिली. कट. फडक्यानं पट्ट्यात घट्ट बांधली.

तोवर संजीवनी पोरीला खांद्यावर टाकून आली होती. दीड-दोन वर्षांची पोर, झोपेत, नाक वाहतंय. संजीवनी रडत नव्हती, पोरीच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होती. ती भाभीला काय बोलेल याची मला भीती वाटली. बोलली असती तर ते बरोबरच होतं.

भाभीनं हात पसरले, आणि संजीवनीनं पोर तिच्याकडं दिली.

भाभीनं झबलं वर केलं. छाती पाहिली, पाठ पाहिली, काखेतली कातडी पाहिली. छातीवर रुपयाएवढा लालसर डाग होता, फोड नव्हता. तो पाहिला आणि भाभीनं त्यावर हलकेच बोटं टेकवली. एक बांगडी न फोडता गावभरचे हात भरणारी ती बोटं. तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि वेलीच्या सावलीत खाली बसली.

मुकादम हाका मारत होता. संजीवनी एकदा पोरीकडं, एकदा राहिलेल्या ओळींकडं बघत होती. "जा," भाभी म्हणाली. "उरकून घे. पोर हितंच हाय." संजीवनीनं पट्टा कमरेला बांधला आणि ओळीत शिरली. थोड्या वेळानं कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सूर्य खाली गेला. मी म्हटलं, "भाभी, निघूया. अजून तासभर बाजार सापडेल. दिवाळी आहे."

तिनं बोट ओठांवर ठेवलं. पोरीच्या तोंडाशी कान नेऊन ती बसली होती.

"तुमी जावा, रणजितराव," ती म्हणाली. "मी हिचा श्वास ऐकतीया."

मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि तिच्यापासून जरा लांब बांधावर बसलो.